घसरणीचा दगड

बुरुलनं झगा घोट्यांशी गच्च धरला, बिस्मिल्ला म्हटलं आणि अंग सोडून दिलं. पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांनी घासून घासून दगड काचेसारखा गुळगुळीत केला होता. खाली पोचायला एक श्वास पुरला.

"वाकडी बसलीस," सासू म्हणाली.

"सरळच बसले होते, आपा." नवऱ्यासारखीच तीही सासूला आपा, म्हणजे आई म्हणायची.

"मग एवढ्यात खाली कशी आलीस?"

रांगेतली एक जाडजूड बाई खुदकन हसली. "सायरा, पोरीला जरा खाऊपिऊ घाल गं. काडी ती, दगडाला तरी कळेल का कुणी बसलंय म्हणून!"

बायका हसल्या. सायरा हसली नाही. मूल व्हावं म्हणून सहा वर्षं सासू-सुना किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या डोक्यावरच्या या सुलेमान डोंगरावर चढत होत्या. ही खेप शेवटची. नवरोजपर्यंत काही झालं नाही तर बुरुलला माहेरी धाडायचं, हे सायरानं साऱ्या भावकीसमोर सांगून टाकलं होतं. तेव्हा बुरुलचा नवरा तालायबेक चहाचा वाडगा खाली ठेवून उठून गेला होता.

दोघी बाजूच्या कातळावर टेकल्या. सायरानं फडक्यातली रोटी काढून मोडली.

बुरुलनं तुकडा हातात घेतला, पण खाल्ला नाही. तालायबेक गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या आणि भाजीच्या मांडवांवरचे फाटके प्लास्टिक-कागद यंत्रात घालून दळायचा. अकरा वर्षं. संध्याकाळी अंगणातच कपडे झटकायचा, तीनतीनदा तोंड धुवायचा, तरी त्याच्या पापण्यांवरचे निळे कण ती बोटाच्या टोकानं टिपायची. डॉक्टरनं त्याच्या तपासणीचा कागद बघून सांगितलं होतं, बीज नावाला आहे, आणि आहे त्यात जीव नाही. "हल्ली पुरुषांच्या बीजातही प्लास्टिकचे कण सापडतात म्हणतात. त्यानंच हे झालं असं मी सांगू शकत नाही, अजून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पण काम सोडता आलं तर सोडा." तालायबेक दुसऱ्या कामासाठी तीन ठिकाणी विचारून आला. चौथ्या दिवशी पुन्हा शेडवर गेला. बुरुलला एवढंच म्हणाला, "आपाला सांगू नकोस."

तिनं वर्षभर सांगितलं नव्हतं.

"आपा," ती म्हणाली, "खोट माझ्यात नाहीये."

सायरा रोटीचा चुरा फडक्यात गोळा करत राहिली.

"ठाऊक आहे मला."

बुरुलनं मान वर केली.

"कोटाचं बटण शिवत होते त्याच्या. अस्तरात डॉक्टरचा कागद हाताला लागला. मला वाचता येत नाही असं वाटलं होय तुम्हाला दोघांना?"

"मग मला कशाला आणता इथं? मला का घालवता?"

"हळू बोल. बायका बघतायत." सायरानं फडक्याला गाठ मारली. "त्याला कसा आणू? पुरुष बसतात का या दगडावर? आणि तुला घालवते ते तुझ्यासाठीच. सत्तावीस वर्षांची तू. दुसऱ्या घरी तुझी कूस उजवेल."

"लोक वांझ म्हणतील."

"म्हणू देत. तुला मूल झालं की तोंडं बंद होतील त्यांची."

"तेव्हा त्याला काय म्हणतील, आपा?"

गाठ बसलेली होती, तरी सायरानं ती पुन्हा ओढली.

"आणि असं घर आहे कुठं?" बुरुल म्हणाली. "पाणी बाटलीतलं, दही डब्यातलं. बाजारातली गरम भाकरीसुद्धा पिशवीत घालून देतात. डॉक्टर म्हणाला, ते कण माझ्याही अंगात असतील, तुमच्याही असतील. मी कुठं जाऊ?"

खालच्या मशिदीत कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं. सायरा तिकडे कान देऊन बसल्यासारखी बसली. मग "त्याच्या वाटचं मी बसते," असं पुटपुटत गुडघ्यांवर हात टेकून उठली, दगडाच्या माथ्याकडे चढू लागली.

"आपा, पडाल!"

जाडजूड बाईनं टाळी वाजवली. "अगं बाई, आता सासूलाच हवंय वाटतं! सायरा, म्हाताऱ्याला विचारलंस का?"

"म्हातारा कबरीत आहे," सायरा म्हणाली. "तुझा पाठव."

हशा पिकला. त्या गलक्यातच ती दगडावर बसली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि घसरली. धसमुसळी, एका कुशीवर कलत, एक बूट वरच राहिला. खाली पोचली तेव्हा बायका हसून हसून डोळे पुसत होत्या.

बुरुल बूट घेऊन धावली. सायरा उठली नाही. तिथंच धुळीत बसून तिनं दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले. एरवी ती दुआ मोठ्यानं म्हणायची, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, काय हवं ते स्पष्ट सांगून.

रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या. पुढची पोरगी दगडाच्या माथ्यावर झगा धरून ताटकळली.

बुरुल खाली वाकून वाट पाहत राहिली. आज सायराचे ओठ हलत नव्हते. तळवे तसेच उघडे होते, आणि दुआ संपली की फिरवतात तसे ती ते तोंडावरून फिरवत नव्हती.