शेऱ्याच्या तीन ओळी

दिराला कामावरून काढायचं ठरलंय हे वहिनीला साहेबांनी सांगितलं नाही, प्रिंटरने सांगितलं. सकाळी ती आपले कागद घ्यायला गेली, तर वरच साहेबांचं पत्र पडलेलं. ‘कामातील गंभीर निष्काळजीपणाबद्दल’ असं ठळक अक्षरात, आणि खाली बारक्याचं पूर्ण नाव. इतक्या सन्मानाने ते नाव ऑफिसात आजवर कुणी घेतलं नव्हतं. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं होतं आणि बारक्या तिथला मेकॅनिक. अंगाने कपाटाएवढा, पण घरात धाकटा म्हणून बारक्या. तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून सगळं ऑफिसच वहिनी म्हणू लागलं, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. त्यात मान वगैरे काही नव्हता. वहिनी म्हटलं की काम लवकर होतं, एवढाच त्यांचा अनुभव होता.

तिचं काम म्हणजे रोज सिस्टीममधून एक्सेल काढून देणं. मेकॅनिक लिफ्ट तपासून आला की मोबाइलवरून सिस्टीममध्ये शेरा लिहायचा. सगळं सिस्टीममध्ये होतं, ज्याला हवं त्याने उघडून बघावं. पण उघडतो कोण? साहेबांना एक्सेल हवी, हिशेबनीसाला एक्सेल हवी, विमा कंपनीला एक्सेल हवी. सिस्टीम आणली त्या दिवशी साहेबांनी मोठं भाषण केलं होतं. त्यानंतर त्यांनी ती उघडलेली कुणी पाहिली नाही.

आणि एक्सेल हवी तीही देखणी. शेरा लांबला की रांग उंच व्हायची, कागदाचा तोल जायचा, आणि साहेबांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मग कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोराने, ज्याला सगळे बटण म्हणत, अशी सोय केली की एक्सेलमध्ये शेऱ्याच्या पहिल्या तीनच ओळी उतरतील. पुढचं आपोआप गळेल. वहिनीने त्याला दोनदा सांगितलं होतं, की बाबा, वाक्यं मध्येच तुटतायत. तो म्हणाला, “वहिनी, साहेबांना असंच आवडतं.” तिसऱ्यांदा सांगायचा तिला कंटाळा आला.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण साहेबांचा दुसरा एक हुकूम होता, आणि तो बारक्यामुळेच निघाला होता. एका इमारतीच्या लिफ्टबद्दल त्याने शेऱ्यात लिहिलं होतं, ‘ही लिफ्ट नाही, भंगार आहे.’ खरं तेच लिहिलं होतं. पण गिऱ्हाइकाने ते वाचलं आणि गहजब झाला. साहेबांनी सगळ्या मेकॅनिकना बोलावून दम दिला: शेऱ्यात आधी चांगलं लिहायचं, मग केलेलं काम, आणि दोष असलाच तर सर्वांत शेवटी, नरम शब्दांत. बारक्याला नरम शब्द कुठले यायला! घरी जेवताना वहिनीनेच त्याला शिकवलं. आधी गोड बोल, मग कडू औषध दे, असं तिने समजावलं आणि तो मान हलवत शिकला.

आता बघा काय झालं. दोष शेवटी लिहायचा, आणि शेवट कापायचा. दोन शहाण्यांनी दोन नियम केले आणि दोघांनी मिळून शहरातली प्रत्येक लिफ्ट कागदावर ठणठणीत करून टाकली.

त्या ठणठणीत लिफ्टपैकी एकीत एक शिवणकाम करणारी बाई चढत होती. दार उघडं, एक पाय आत, एक बाहेर, आणि ब्रेक घसरला. लिफ्ट हातभर खाली गेली. बाईचा पाय गुडघ्याखाली मोडला. मशीन चालवणारा पाय.

दुपारी चौकशीची बैठक होती. साहेब, बटण, विमा कंपनीची चष्मेवाली अधिकारी आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बारक्या, मांडीवर हात ठेवून. वहिनीला फक्त एक्सेल काढून द्यायला बोलावलं होतं; ती बटणाने पडद्यावर लावली. साहेबांनी चष्मेवालीला वाचून दाखवलं.

“हा बघा यांचा शेरा. ‘लिफ्ट एकंदरीत छान आहे. इमारतीतल्या लोकांचं सहकार्य उत्तम. आरसा पुसला. आतला दिवा बदलला. दारांना तेल दिलं, कुरकुर गेली. पंखा साफ केला. फक्त एक’ बास. ब्रेकबद्दल चकार शब्द नाही. आता आम्ही इथे बसून काय स्वप्नात बघायचं होतं?”

“फक्त एक काय?” वहिनी म्हणाली.

“काय?”

“फक्त एक असं लिहून माणूस थांबतो का साहेब? तुम्हाला कुणी म्हटलं, बाकी सगळं बरं आहे, फक्त एक, आणि गप्प बसलं, तर तुम्ही विचारणार नाही, एक काय म्हणून?”

“वहिनी, तुम्ही मध्ये बोलू नका. घरचा माणूस आहे म्हणून तुम्हाला...”

“घरचा आहे म्हणून नाही, खरं आहे म्हणून बोलतेय. सिस्टीम उघडा. पूर्ण शेरा तिथे आहे.”

“फाइल विमा कंपनीकडे जाऊन पोचली आहे. आता फाइलमध्ये आहे तेच रेकॉर्ड,” साहेब म्हणाले, आणि वर हसले.

त्या हसण्याने घात केला. इतकी वर्षं वहिनी या माणसाच्या रांगा सरळ करत आली होती, स्तंभांना रंग देत आली होती, शीर्षकं मधोमध बसवत आली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर तिच्याकडूनच वळून घ्यायचा! ती खुर्ची मागे ढकलून उठली. बटणाच्या हातातून तिने माऊस अक्षरशः हिसकावला, एक्सेल बंद केली आणि सिस्टीम उघडली. कुणी तिला अडवलं नाही. चिडलेल्या बाईला अडवायचं कसं हे साहेबांच्या हुकूमनाम्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पडद्यावर पूर्ण शेरा आला. तिने तो खड्या आवाजात वाचला. “‘फक्त एक गोष्ट, ब्रेक घसरतोय. त्याचं लायनर झिजून संपलंय. ते बदलेपर्यंत ही लिफ्ट कृपया कुणी वापरू नये. ऑफिसने बंद करायची परवानगी लगेच द्यावी.’ कृपया लिहिलंय साहेब. नरम शब्दांत. तुमच्या हुकमाप्रमाणे.”

चष्मेवालीने पेन खाली ठेवलं. “मग आम्हाला दर महिन्याला येतं ते काय आहे?”

“तीन ओळी,” वहिनी म्हणाली. “याला विचारा.”

बटण म्हणाला, “मला साहेबांनी सांगितलं होतं.” साहेब म्हणाले, “मी सुटसुटीत करायला सांगितलं होतं, कापायला नाही.” दोघं एकमेकांवर खापर फोडू लागले. तोवर वहिनीने ती तीन ओळींची अट काढून टाकून नवी एक्सेल काढली होती. रांगा उंचच उंच झाल्या. आणि त्यांच्या तळाशी, ओळीने, इतके महिने गळालेलं सगळं उभं होतं. दार अर्धवट उघडतं. तारेचे पदर दोन ठिकाणी तुटले आहेत. धोक्याची घंटा वाजत नाही. कृपया, कृपया, कृपया.

“हे आत्ताच कुठे पाठवू नका,” साहेब घाईने म्हणाले. “आधी आपण आपसात...”

“पाठवलं,” वहिनी म्हणाली. “सगळ्या मेकॅनिकना. तुमच्या नावाने. लिफ्ट बंद करा म्हणून. आता हिंमत असेल तर चालू करा म्हणून पत्र काढा. प्रिंटर तिकडे आहे.”

साहेबांनी पत्र काढलं नाही. उलट सकाळचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलं आणि बारक्याला म्हणाले, “झालं गेलं विसरून जा, उद्यापासून कामावर ये.” जणू चहा सांडला होता आणि त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं होतं.

बैठक संपल्यावर बारक्या वहिनीबरोबर निघाला. जिना उतरताना म्हणाला, “वहिनी, त्या शेऱ्याचा कागद काढून दे ना मला.”

“कशाला आता? जिंकलास ना?”

“नोकरीचं काय घेऊन बसलीस? मी परवा त्या बाईंना भेटायला गेलो होतो. त्यांच्या मुलीने मला दारातूनच घालवलं. म्हणाली, तुला दिसलं कसं नाही? त्यांना वाटतंय मी न बघताच सही ठोकून आलो. वहिनी, मला दिसलं होतं. एवढं त्यांना कळू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.”

वहिनीने कागद काढला, आणि त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. आज कुणी त्याला दारातून घालवून तर बघावं, अशा तयारीनेच ती हॉस्पिटलात शिरली. वाटेत तिने दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, धारदार. त्यांची गरज पडली नाही. मुलगी औषधं आणायला गेली होती आणि बाई उशाला टेकून बसल्या होत्या. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला.

वहिनीनेच सगळं सांगितलं. तीन ओळी, साहेब, बटण, कापलेला शेवट. सांगता सांगता तिचा आवाज पुन्हा चढला, शेजारच्या खाटेवरच्यांनी माना वळवल्या. मग बारक्याने कागद पुढे केला. बाईंनी तो हातभर लांब धरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला.

“लिहिलं होतंस,” त्या म्हणाल्या.

“हो.” त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. “स्पष्ट लिहिलं होतं.”

“कुणी वापरू नये, असं.”

“हो.”

“मग लिफ्ट बंद करून का नाही गेलास?”

वहिनीने लगेच तोंड उघडलं. “अहो, तसं नसतं. ऑफिसच्या परवानगीशिवाय मेकॅनिकला...”

“तुम्हाला नाही विचारलं बाई,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बारक्याकडे बघितलं. “बंद करायची चावी कुणाकडे असते?”

बारक्याची नजर त्या टांगलेल्या पायावर गेली.

“माझ्याकडे,” तो म्हणाला.