देवाप्पाच्या हातातला पाना

मित्रांनो, नळकामात लोखंडी पाइप घट्ट पकडून पिळायला लागतो, तो पाना मी. आता माझे दात झिजले आहेत, स्क्रू गंजून बसला आहे. बंगळुराच्या बनशंकरी भागातल्या एका लहानशा दुकानात फळीवर मी पडून असतो.

माझा जन्म भट्टीतला. तापलेल्या पोलादावर घण पडले, जबड्याला दात पाडले गेले आणि मी बाजारात आलो. तिथून जयसिंगरावांनी मला घेतले. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातले. घरात मराठी, बाहेर कानडी. नळकामाचा धंदा त्यांनी नुकताच सुरू केला होता. देवाप्पा हा त्यांचा पहिला कामगार. त्याच्या हातात मी असा बसलो, की तो दुसऱ्या कुणाला मला शिवू देत नसे. कितीतरी घरांत आम्ही पाणी आणले! नळाला पहिली धार आली की घरचे लोक हसत, आणि देवाप्पा मला फडक्याने पुसत असे.

नव्वदनंतर शहर उंच होऊ लागले. के. आर. पुरमकडे एका चार मजली इमारतीचे काम जयसिंगरावांना मिळाले. त्यांच्या पत्नी संयोगिताबाई एका कचेरीत नोकरी करत. त्या म्हणाल्या, "आपली माणसं आता परांचीवर चढणार. त्यांचा विमा उतरवा."

विमा कंपनीचा माणूस दुकानात आला. त्याने विचारले, "उंचावर काम असतं का?" उंचावरच्या कामाला हप्ता जास्त होता. जयसिंगराव म्हणाले, "सरी, ठीक आहे, एवढं काम होऊ द्या. मग बघू."

तिसऱ्या मजल्याबाहेर एक जोड हलेना. देवाप्पाने मला लावून सगळा भार टाकला. परांचीचा दोर तुटला. आम्ही दोघे बरोबरच खाली आलो. माझ्यावर ओरखडासुद्धा उमटला नाही. देवाप्पाचा कणा मोडला. कमरेखाली त्याला काही कळेनासे झाले.

इस्पितळातून जयसिंगराव थेट विमा कंपनीत धावले. "आत्ता पैसे भरतो, पॉलिसी द्या."

तोच माणूस समोर होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा, झालेल्या अपघाताला विमा मिळत नाही."

इमारतीच्या मालकाने वेगळीच वाट दाखवली. "तो तुमचा कामगारच नव्हता म्हणा. सुटाल."

त्या संध्याकाळी जयसिंगराव मला मांडीवर घेऊन बसून राहिले. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामगार अधिकाऱ्यांपुढे ते म्हणाले, "देवाप्पा माझाच माणूस आहे." भरपाई त्यांच्यावर आली. स्कूटर गेली, संयोगिताबाईंचे दागिने गेले, दुकान गेले. मला मात्र त्यांनी विकले नाही.

भरपाईचा पैसा औषधपाण्यात संपला. अंथरुणावर पडून पडून देवाप्पाच्या पाठीच्या जखमा चिघळल्या. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

काही वर्षांनी जयसिंगरावांनी बनशंकरीत भाड्याची जागा घेऊन पुन्हा दोन माणसे कामाला ठेवली. त्यांचा विमा आधी उतरवला, मगच काम घेतले. त्या दिवशी मला पिशवीत घालून ते देवाप्पाच्या घरी गेले. त्याची पत्नी राजलक्ष्मी पोटासाठी उदबत्त्या वळत बसली होती. जयसिंगरावांनी तिला विम्याचे सांगितले आणि मला तिच्यापुढे ठेवले.

तिचे हात थांबले नाहीत. "चांगलं केलंत, अण्णा," ती म्हणाली. "पण आमच्या वेळी का नाही केलंत, ते सांगू नका. मला ऐकवणार नाही. आणि हा पाना घेऊन जा."

 जयसिंगराव मला उचलून बाहेर पडले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी धंदा काढेल, चार माणसे कामाला ठेवेल. हत्यार मोडले तर बाजारात दुसरे मिळते, माणूस मिळत नाही. म्हणून माझी एवढीच विनवणी ऐका: माणसाच्या हातात पाना देण्याआधी त्याचा विमा उतरवा. आधी, मित्रांनो. नंतर फक्त त्याच्या घरी जाऊन सांगणे उरते.