उजवी कळी

आमच्या गावात काही मोठं ठरवायचं असलं की देवीला विचारतात. भट मूर्तीला ओल्या कळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचे हे सायकलीवरून चोर्ल्याचा घाट चढणार होते, म्हणून मी एकटीच विचारायला गेले. डावी पडली.

"सत्यवतीबाय, डावी आली हां," भट म्हणाले.

मी नमस्कार करून घरी आले. हे अंगणात सायकलीची साखळी पुसत बसले होते. दोन वर्षांमागे हृदयात स्टेंट घातला तेव्हापासून खुर्ची सोडत नव्हते, माणसांत येत नव्हते. ही सायकल घरात आली आणि माझा माणूस परत आला. थांबत थांबत जा, असं डॉक्टरही म्हणाले होते. पण यांनी आपणहून शब्द दिला होता, "डावी पडली तर मी घाटाचं नाव काढणार नाही."

"काय म्हणाली गो देवी?" मान वर न करताच यांनी विचारलं.

"उजवी."

सव्वीस वर्षं तुळशीला घातल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेतलेला नाही. खोटं बोलले तेही त्याच तुळशीसमोर उभी राहून.

पेडण्याहून अकरा सायकली निघाल्या. मागून सामानाचा टेंपो, त्यात केळी, मीठसाखरेचं पाणी, पंक्चरचं सामान आणि मी. टेंपो चालवणारा साईश सावंतवाडीकडचा, दोन मुलांचा बाप, तोंडाचा फटकळ. तिसऱ्या दिवशी डिचोलीहून घाटाकडे जायचं होतं. लॉजवर तुळस नव्हती. मी मागच्या गल्लीत कुणाच्या तरी दारातल्या तुळशीला पाणी घातलं आणि तिथंच मनात बोलले, हे सुखरूप वर पोचेपर्यंत पाणी घेणार नाही.

टेंपोत साईशनं पुढं केलेली बाटली मी उपास म्हणून परत केली. "बरां आसा," तो म्हणाला. "पाणी सायकलवाल्यांका नि उपास काकीक!"

केरी गाव मागे पडलं आणि चढ लागला. फेब्रुवारी सरत आलेला. वर कुठंतरी डोंगरात वणवा लागला होता. आग दिसत नव्हती, नुसता वास यायचा आणि काचेवर बारीक राख येऊन बसायची. रानात पाखरू बोलत नव्हतं. वरून बेळगावचे ट्रक हॉर्न दाबत उतरायचे आणि प्रत्येक वेळी सायकली गटाराकडे सरकायच्या. एकेक करून सगळे पुढे गेले. हे शेवटी राहिले.

तिसऱ्या वळणावर टेंपो थांबवला. सहलीची पुढारी हर्षा यांच्यासाठी मागे आली होती. तिशीची, घोटीव अंगाची मुलगी.

"रामचंद्रबाब, कसं वाटतंय?"

"फस्क्लास!" हे म्हणाले. पण ओठ पांढरे पडले होते. पाणी पिताना बाटली उजव्या हातात धरली आणि डावा हात मांडीवर घासत राहिले.

"हाताला काय झालं?"

"हँडल धरून धरून आंबलाय."

"दोन वळणं टेंपोत बसा. कुणी काही म्हणणार नाही."

"अगो, देवीनं उजवी दिलीय मला! तुझं ते ठोके मोजणारं घड्याळ देवीपेक्षा शाणं काय?"

साईश हसला. हर्षा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकी, तुमचं तरी ऐकतील."

सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण या दोघांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं, आणि स्वतःलाही. मी म्हटलं, "सावकाश जा हां." माझं बोलणं नेहमीच असं. घरातल्या मांजरालाही कधी मोठ्यानं हाकललं नाही.

हे निघाले, हर्षा थोडी पुढे. टेंपो मागून रांगत होता. यांचा घाम मानेवरून पाठीवर उतरला होता, पण वारा लागला की अंगावर शहारा येताना मला काचेतून दिसत होता. सायकल रस्त्याच्या मधे जायची, परत कडेला यायची. वरच्या वळणावर ट्रकचा हॉर्न वाजला. यांनी मान उचलली नाही.

"काकी, ह्यांका आयकाक येणा नाय की काय?" साईशच्या आवाजातला फटकळपणा गेला होता.

मी दार उघडून उडी टाकली. पदर खांद्यावरून घसरला, चप्पल मागे राहिली.

"थांबा!"

माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. यांनी पाय टेकला. ट्रक आमच्या अंगावरून वारा मारत खाली गेला.

"चढताना मागून ओरडतात काय गो? अपशकुन करतेस?"

"डावी पडली होती," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं. देवीनं नको म्हटलं होतं."

रागावतील, असं वाटलं. पण यांनी सायकल हळूच आडवी ठेवली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

"पायथ्यापासून हात जड आहे," म्हणाले. "छातीत पण काहीतरी. म्हटलं, देवीनं उजवी दिली ना, मग असेल असंच."

यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. पाकीट फोडलेलंच नव्हतं. हर्षानं ती यांच्या तोंडात घातली, साईशनं टेंपो वळवला, आणि आम्ही आलेल्या वाटेनं खाली निघालो. फोनला रेंज नव्हती. हर्षा मागे सामानात बसून पुन्हा पुन्हा लावत होती.

दोन वळणांनंतर यांनी डोळे उघडले.

"तू सकाळपासून पाणी घेतलं नाहीस ना? व्रत बोललीस?"

"तुम्ही वर पोचेपर्यंत."

"मग घे आता. वर कोण जातोय?" आणि हसायचा प्रयत्न केला.

मी बाटली उघडली नाही. यांनी माझा हात धरला तो उजव्या हातानं. डावा मांडीवर पडला होता, प्रत्येक वळणाला जिकडे टेंपो कलेल तिकडे कलत होता. साईशनं हॉर्नवर ठेवलेला हात उचलला नाही. काचेवर राख पडतच होती.