पुन्हा पहिल्यापासून

सरकारने मोफत कायदेशीर मदतीवरचा खर्च कमी केला आणि कचेरीतले निम्मे वकील गेले. त्यांच्या फायली वकीलबाईंच्या टेबलावर येऊन पडल्या. त्यातच टेलरताईंची फाईल होती. त्या घरोघरचे कपडे शिवायच्या. नवऱ्याने त्यांना मारून घराबाहेर काढलं होतं आणि लहान मुलगी स्वतःकडे ठेवून घेतली होती.

दोघींची पहिली भेट झाली तीच मुलीच्या ताब्याच्या सुनावणीच्या दिवशी, कोर्टाच्या जिन्याशी. वकीलबाईंच्या काखेत फायलींचा गठ्ठा होता.

"ताई, थोडक्यात सांगता का सगळं?"

"आधीच्या दोघा वकिलांना सांगितलंय हो, दर वेळी पहिल्यापासून. सांगताना पुन्हा तेच सोसावं लागतं. तुम्ही फाईल वाचली नाहीत का?"

वकीलबाईंनी ती येताना बसमध्ये नुसती चाळली होती. "वाचलीय," त्या म्हणाल्या.

"मग त्यात आहेच की सगळं."

तेवढ्यात पुकारा झाला.

नवऱ्याच्या वकिलाने सावकाश, मुद्देसूद बाजू मांडली. मग न्यायाधीशांनी विचारलं, "मारहाण कुणी पाहिली?" वकीलबाई भराभर पानं उलटत राहिल्या. कुठेच काही नव्हतं. मुलगी बापाकडे राहील, आईने महिन्यातून एकदा भेटावं, असा हुकूम झाला.

बाहेर टेलरताई बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "शेजारच्या मावशींनी पाहिलं होतं. त्यांनीच मला दवाखान्यात नेलं. साक्ष द्यायलाही तयार होत्या. पहिल्या वकिलांना सांगितलं होतं मी."

पहिल्या वकिलांनी ते लिहून ठेवलं नव्हतं, पण फाईल नुसती चाळणाऱ्या वकीलबाईंनी त्यांना बोल लावायचा तरी कोणत्या तोंडाने?

"आपण अपील करू. मावशींना आणू."

"तेव्हा तुम्हीच असाल ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. "खरं सांगू? माहीत नाही."

दारातून शिपायाने वकीलबाईंचा पुढचा खटला पुकारला. त्या उठल्या. परत आल्या तेव्हा बाक रिकामा होता.

अपिलाची मुदत सरत आली तरी टेलरताई फिरकल्या नाहीत. शेवटी वकीलबाईंनीच फोन लावला.

"राहू दे, बाई," टेलरताई म्हणाल्या. "महिन्यातून एकदा पोर दिसते तरी. नवरा चिडला तर तेही जायचं. परवा भेटली, तर फ्रॉक आखूड झालेला. नवा शिवायला घेतलाय. माप घ्यायचं राहूनच गेलं. अंदाजानेच बेततेय."