रामभाऊंची पोपटी

रामभाऊ खोटं फारसं बोलत नसत, त्यामुळे ते त्यांना नीट जमतही नसे. एक थाप मात्र त्यांनी वर्षभरात घोटून घोटून पाठ केली होती. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की ते म्हणत, "औषधाच्या कंपनीला बाटल्या करून देतो."

खरी गोष्ट निराळी होती. कमळाकरने मुंबईतल्या बाटल्यांच्या कारखान्यातली बारा वर्षांची पक्की नोकरी सोडली होती आणि पळसदरीच्या घरामागे भट्टी घालून तो मनाला येईल ते काचेचं फुंकत बसला होता. आताचं त्याचं मडकं घागरीएवढं, निळंहिरवं, आणि त्याच्या पोटाला वीतभर उभी फट. पाणी भरलं तर भरणाऱ्याचेच पाय भिजायचे. तीस वर्षं रेल्वेचे रूळ सांभाळलेल्या माणसाने असल्या मडक्याबद्दल चारचौघांत बोलावं कुठल्या तोंडाने?

पण मुंबईत त्याची किंमत कोणाला तरी कळली होती. काचेत काम करणाऱ्या पाच नव्या कलाकारांचं प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं. चौघे कलाशाळेत शिकलेले, पाचवा कमळाकर. याआधी केलेली दोन मडकी गार होताना तडकली होती. हे तिसरं, आणि आता चौथं करायला वेळ नव्हता.

जाड काच सावकाश निवावी लागते. भट्टीच्या कप्प्यात हे मडकं मावेना, म्हणून शनिवारी सकाळी कमळाकरने अंगणात विटांचा खड्डा केला, आत तापलेलं मडकं ठेवलं, वर मातीचा मोठा माठ उपडा घातला आणि भोवती भाताचं तूस पेटवून दिलं.

"आबा, उद्या सकाळपर्यंत कुनाला हात लावू देऊ नका. गार वारा लागला की संपलं," असं बजावून तो लाकडी खोका आणायला कर्जतला गेला.

तो जातो न जातो तोच कुडावरून भागूबाईने डोकं वर काढलं. वाडीतली सगळ्यात वडील बाई, रामभाऊंना नुसतं 'रामा' म्हणणारी.

"रामा, ह्ये काय धुमसतंय रं?"

रामभाऊंनी उपड्या माठाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. बाटल्यांची थाप इथे चालणार नव्हती. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"पोपटी."

बोलले आणि जीभ चावली. शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, ही आमच्याकडची थंडीतली चैन. पण ती एकट्याने करायची नसते. एकट्याने केली तर वाडी वर्षभर नावं ठेवते. आणि कुठे पोपटी लागली असं कळलं की बोलावण्याची वाट कोणी पाहत नाही.

चारच्या सुमाराला अख्खी वाडी अंगणात. शेजारचा पोपट नावाचा गडी अंडी घेऊन आला, पलीकडच्या घरच्या पोशाने मीठ आणि ओवा आणला, भागूबाईने टोपलीभर शेंगा आणल्या, "कमी पडाय नको" म्हणून. रामभाऊंची बायको चंद्राबाई घोंगड्या अंथरताना नवऱ्याकडे असं बघत होती, की त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

"अजून कच्ची हाय," रामभाऊ म्हणाले. तासाभराने पुन्हा तेच म्हणाले.

"सकाळपासनं कच्ची? दगड घातलेत का काय आत?" म्हणत पोपट उठला आणि माठ कलता करायला त्याने दांडका खाली घातला.

रामभाऊ हात पसरून आडवे आले. "लावू नकोस हात! पोपटी नाय ती!"

"मग काय हाय?"

"कमळाकराचं काचेचं मडकं हाय. फटीचं. पानी ऱ्हात नाय त्यात. बाटल्या-बिटल्या काय करत नाय तो. नोकरी सोडली त्यानं." रामभाऊंना धाप लागली. "वारा लागला तर तडकंल. पोराचं सालभराचं काम हाय त्ये. मला डागलंत तरी चालंल, पन त्याला हात लावू देनार नाय."

फाटकाशी डोक्यावर खोका घेतलेला कमळाकर उभा होता. तो केव्हा आला ते कोणी पाहिलंच नव्हतं.

"मंग खोटं का रं बोललास?" भागूबाईने विचारलं.

"लाज वाटली," रामभाऊ म्हणाले. मुलाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. "आता तिचीच लाज वाटते."

भागूबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "चंद्रे, दुसरं मडकं हाय का गं? शेंगा काय घरी न्यायला आनल्या न्हवत्या." कमळाकरने खोका उतरवला आणि भांबुर्ड्याचा पाला आणायला तो पोपटबरोबर बांधावर गेला. त्या दिवशीची पोपटी झाली मात्र फर्मास.

सकाळी कमळाकरने राख बाजूला केली. मडकं अखंड निघालं. उन्हात धरल्यावर त्याच्या फटीतून हिरवी तिरीप भिंतीवर पडली, आणि ती बघायला पोशाने आपल्या म्हातारीला पाठीवरून आणलं. रामभाऊंनी डोळे पुसले आणि धुराला दोष दिला, पण तेव्हा धूर कुठेच नव्हता.

मुंबईला न्यायला टेंपो आला. "खोक्यात हादरंल," म्हणत रामभाऊ मागे चढले आणि घोंगडीत गुंडाळलेलं मडकं त्यांनी मांडीवर घेतलं. कर्जतचं रेल्वे फाटक येईपर्यंत त्यांनी टेंपो चार वेळा थांबवला. ओळखीचा माणूस दिसला की ते हाक मारत आणि घोंगडी उलगडत.

"माज्या कमळाकरानं केलंय. बघ की, जवळ ये."

"आबा, उशीर होतोय," पुढून कमळाकर म्हणाला.

"होऊ दे," रामभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पाचव्याला हाक मारली.