तानाबाईच्या डोक्यातला पेरू

विड्याच्या पानाला चुना लावायला बोटाचा एक फटकारा पुरतो. तानाबाई मात्र एकेका पानावर चार-पाचदा बोट फिरवायची. शालूबाईंनी हे तीन गुरुवार पाहिलं, मोजलं, आणि कारण सापडेना म्हणून मनात तसंच ठेवून दिलं.

बाकी कसबा बावड्यात कुणाला मोजायला सवड होती? चौऱ्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात सयाजीबुवांच्या मांडवात दर गुरुवारी मुंगी शिरायला जागा नसे. भक्तानं फडक्यात काहीतरी बांधून आणायचं आणि पायऱ्यांखाली चपला काढायच्या. तिथं बुवांची सेवेकरीण तानाबाई बसलेली.

"चामडं, अंडं, इटाळाचं काय न्हाय न्हवं? मग काय हाय?"

उत्तर ऐकून ती विडा लावून द्यायची. तो नेऊन बुवांपुढं ठेवायचा. डोळ्यांवर जाड भगवी पट्टी बांधलेले बुवा विडा मांडीवर उघडत, हुंगत, पुन्हा दुमडून तोंडात टाकत आणि चघळत चघळत डोलू लागत. "माऊली! गोल... पिवळं... आंबट! लिंबू हाय, लिंबू!" गाठ सुटायची, लिंबू निघायचं, मांडव दणाणायचा.

"फडक्यातलं दिसतंय त्येला डोळ्यातलं दिसणार न्हाय व्हय?" शालूबाईंच्या सासूबाई, अंबूबाई, म्हणायच्या. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, डावा डोळाही धुरकटला होता. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, ऑपरेशन करा, फार थांबलात तर डोळा हातचा जाईल. "बघू की," एवढं म्हणून अंबूबाई दर गुरुवारी बुवांकडून डोळ्यांत मध घालून घेत. शनिवारी पेठ वडगावला नेत्रशिबिर होतं. नाव घालायला शुक्रवारचा एकच दिवस उरला होता.

शालूबाई सायन्स शिकलेल्या, घरच्या सोप्यात बालवाडी चालवत. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी मुलांपुढं एक बाहुली ठेवली. बाहुलीनं पेरू डब्यात ठेवला आणि ती झोपली. शालूबाईंनी पेरू काढून टोपलीत लपवला.

"आता बाहुली उठल्यावर पेरू कुठं शोधेल?"

"टोपलीत!" चार वर्षांचा चमन ओरडला.

"का रे?"

"तितंच हाय की!"

त्याची सहा वर्षांची बहीण रोशन. दोघं शेजारच्या सायकल दुकानवाल्या शमशुद्दीनची मुलं. रोशननं कपाळावर हात मारला. "येड्या, तिला कुठं म्हायती? ती झोपलीवती. ती डब्यातच बघंल." मग तिची मान तिरकी झाली. "बाई, सयाजीबुवा बी बाहुलीगतच असला तर?"

"म्हणजे गं?"

"त्येला गाठोड्यातलं खरंच दिसत असंल, तर हाय तेच सांगंल. पर इडा लावणाऱ्या ताईनं सांगितल्यावर कळत असंल, तर ताईला वाटतंय तेच सांगंल."

शालूबाईंच्या हातातला खडू थांबला. चार-पाच फटकारे. एवढ्यात अक्षरं होतात!

"मग काय करायचं म्हणतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ताईला झोपवायचं," रोशन म्हणाली.

दुपारी अंबूबाईंनी तानाबाईला सांगितलं, "पेरू हाय बाई, आमच्याच परसातला." पानावर बोट फिरलं. "आज्जी, गाठोडं मला द्या, तुम्ही पायरी बघा," म्हणत रोशननं त्यांचा हात धरला. तीन पायऱ्या चढेपर्यंत शालूबाईंनी आकाशाचं फार बारकाईनं निरीक्षण केलं.

बुवांनी विडा हुंगला, चघळला. "माऊली! हिरवं... बियांचं... पेरू हाय, पेरू!"

अंबूबाईंनी गाठ सोडली, चाचपलं आणि त्या जोरात म्हणाल्या, "ह्यो बटाटा हाय की!"

 बुवांच्या पायाचा अंगठा वळवळला. मग त्यांनी दोन्ही हात वर फेकले. "बघा रं बघा! माऊलीनं पेरूचा बटाटा केला!"

जयजयकार उठला. अंबूबाईंनी तर हात जोडले.

रोशन मात्र जागची हलली नाही. "बुवा, माज्या मुठीत काय हाय?"

"आधी विडा घिऊन ये, पोरी."

"इडा कशाला? मूठ हितंच हाय की."

बुवांनी पट्टी चाचपली. लोक माना उंचावून बघू लागले. आणि तेवढ्यात पायऱ्यांखालून, निव्वळ सवयीनं, तानाबाईचा आवाज आला, "चामडं, अंडं न्हाय न्हवं? मग काय हाय गं?"

आधी कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा मांडव. शालूबाईंनी रांगेतल्या ज्ञानूच्या हातातला विडा घेतला, उलगडला आणि उंच धरला. हिरव्या पानावर चुन्याची अक्षरं होती : खारीक.

"ज्ञानूदादा, काय आणलंय?"

"खा... खारीक."

"कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला न्हाय, आईच्यान!" ज्ञानूनं खाली बघितलं. "...म्हंजे, तानाबाईला तेवडं."

"पट्टीखालून, नाकाच्या कडेनं मांडीवरचं पान स्पष्ट दिसतं. घरी बांधून बघा," शालूबाई वर्गात बोलावं तशा बोलल्या. "वाचून झालं की बुवा पुरावा चावून खातात."

"पाखंडी बाई हाय ही!" बुवा ओरडले. पट्टी गळ्यात, तोंड लालभडक.

शालूबाई लोकांकडं वळल्या. "आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक, असं चार वर्षांच्या पोराला वाटतं. सहाव्या वर्षी तेच पोर विचारतं, ह्याला कुणी सांगितलं? चाळिशी गाठल्यावर आपण हा प्रश्न का सोडायचा? देवावर भरवसा ठेवा नाही तर नका ठेवू. पण कुणी काही ओळखलं, की एवढं एक विचारा : ह्याला कुणी सांगितलं?"

अंबूबाई बटाटा हातात धरून उभ्या होत्या. "मला बी फसवलंस व्हय गं, टवळे?"

"तुमास्नी न्हाय आज्जी, ताईला. तुम्ही मधी आलासा."

"बरं, मुठीत काय हाय तुझ्या?"

रोशननं मूठ उघडली. अंबूबाई वाकल्या. तो तळवा त्यांनी आधी हातभर अंतरावरून पाहिला, मग अगदी नाकाशी आणला.

"मला न्हाय दिसत. तूच सांग."

"काय न्हाय, आज्जी. रिकामीच हाय."

अंबूबाई बराच वेळ त्या तळव्यावर बोटं फिरवत राहिल्या. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शालू, उद्या नाव घाल माझं. शनवारी वडगावला जायाचं. ऑपरेशन करायचं."