लोटेबाईंच्या कॅसेटवर काय उरलं

मी एक जुना कॅसेट रेकॉर्डर आहे. मी जुना झालो, माझा राग जुना झालेला नाही. तेव्हा मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म मलेशियातल्या जोहोरच्या एका कारखान्यात झाला. सुनेत्राने मला सिंगापुरात विकत घेतलं आणि हौगांगच्या फ्लॅटमध्ये आणलं. ती मुलांसाठी मराठीत पुस्तकं लिहायची. एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत कुणीतरी आपलं पोर हिटलर करून पाठवलं. मिशी छान जमली म्हणून त्याला बक्षीस मिळालं! सुनेत्रा घरी येऊन म्हणाली, "आपल्या मुलांना हिटलर ठाऊक आहे. त्याने मारलेलं एकही मूल ठाऊक नाही."

तिथून आमचं काम सुरू झालं. नाझींनी युरोपात लाखो ज्यूंना मारलं, त्यांच्या लेकरांसकट. त्यातून वाचलेली काही मुलं आता म्हातारी होऊन सिंगापुरात आपल्या मुलामुलींकडे राहत होती. सुनेत्रा त्यांना शोधून काढायची, मला समोर ठेवायची. प्रश्न एकदाच विचारायची, बटण दाबायची, मग वाट पाहायची. माणूस कितीही वेळ गप्प राहिला तरी मला बंद करायची नाही. "ती शांतताही त्यांचीच आहे," म्हणायची. घरी आली की कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी मोडायची. ती मोडली की मला त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

बुकित तिमाहला लेकीच्या घरी लोटेबाई राहायच्या. लहानपणी त्या आणि धाकटा भाऊ योसी एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपले होते. आवाज झाला की मरण. योसी जेमतेम तीन वर्षांचा, त्याला गप्प राहणं जमेना. मग तो तोंड मिटून हळूच गुणगुणायचा, स्वतःचीच एक चाल. पुढे तो पकडला गेला. त्याचा फोटो नाही, कबर नाही. लोटेबाईंनी त्याचं नाव पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं.

सुनेत्राने लहानपणाबद्दल विचारलं, पण त्या बोलेचनात. माझी चाकं फिरत राहिली. चहा गार झाला. मग त्यांनी डोळे मिटले आणि ती चाल गुणगुणली. एकदाच. मग योसीची हकीकत सांगितली, ती सुनेत्राने लिहून घेतली. मित्रांनो, शब्द कागदावर उतरतात, भावाची चाल कशी उतरवणार? ती फक्त त्या कॅसेटवर होती.

"लेकीला मी तोंडाने नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "तू येऊन हे ऐकव. मी शेजारी बसेन."

"नक्की," सुनेत्रा म्हणाली. "आमचे गणपती झाले की येते."

गणपती झाले की! सगळी कामं आपण तिकडेच ढकलतो.

सुनेत्राचा नवरा प्रबोध बँकेत मोठा साहेब आणि मंडळाच्या नाटकाचा दिग्दर्शक. सुनेत्रा बाहेर गेलेली, दिवाणखान्यात तालीम, ढोलकी तयार आणि कोरी कॅसेट नाही. प्रबोधने तिच्या खणातली एक उचलली, माझ्यात घातली, थोडी ऐकली.

"अरे, कोरीच आहे ही!"

"पट्टी मोडलीय की हिची," त्याचा मित्र दिलीप म्हणाला.

"मग भोकावर चिकटपट्टी लाव. इंजिनिअर ना रे तू?"

"वहिनी फाडून खातील."

"काय होतंय! असलंच काही तर तिच्या म्हाताऱ्या पुन्हा बोलतील. तेच तेच तर बोलत असतात."

सगळे हसले. ब्लॉकखालच्या दुकानात कोरी कॅसेट मिळत होती, पण लिफ्टने खाली कोण जाणार? मी यंत्र. 'नाही' म्हणायला माझ्याकडे ती मोडलेली पट्टी तेवढी होती. तिचं भोकही त्यांनी बुजवलं.

काम झाल्यावर प्रबोधने चिकटपट्टी काढली, कॅसेट जागेवर ठेवली आणि विसरला.

विसर्जनानंतर आम्ही बुकित तिमाहला गेलो. लोटेबाईंनी लेकीचा हात धरला होता. सुनेत्राने बटण दाबलं. आधी शांतता. लोटेबाईंचा श्वास. कपाची किणकिण. लेक पुढे वाकली. आणि धाडकन ढोलकी, वर प्रबोधचा आवाज: "चला, सगळे! गणपती बाप्पा मोरया!"

"पुढे घे," लोटेबाई म्हणाल्या.

पुढे ढोलकीच होती. शेवटपर्यंत.

मग त्यांनी स्वतःच तोंड मिटलं. घशातून काहीतरी आलं, अडलं, पुन्हा आलं. "ही नव्हे," त्या म्हणाल्या. "ही ती नव्हे." लेक विचारत राहिली, "आई, कुणाची चाल? कोण होतं?"

"सॉरी म्हटलं ना!" प्रबोध घरी म्हणाला. "दहा नव्या आणून देतो."

त्याच्या नाटकाला टाळ्या पडल्या. सुनेत्राचं पुस्तकही निघालं, मंडळाने शाल दिली आणि एक बाई म्हणाली, "पुढच्या वेळी जरा आनंदी लिहा हं!" त्या पुस्तकात योसीचं पान आहे. त्यावर एकच ओळ: तो गुणगुणायचा.

आता मी कपाटात मोडक्या इस्त्रीशेजारी पडलोय. मित्रांनो, मला पुसा, जपा, असलं काही मी मागणार नाही. म्हातारी माणसं तेच तेच बोलतात असं कुणी हसत म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा. काही गोष्टी ती एकदाच बोलतात. आणि ती गप्प बसली तर त्यांना कोरं समजू नका.

ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. सुरुवातीला लोटेबाईंचा श्वास ऐकू येतो. त्या आता गुणगुणणार, इतक्यात ढोलकी वाजते.